दोन ग्रॅमच्या पक्ष्याचा संसार: क्युबातील बी हमिंगबर्ड

आपल्या प्रश्नात खरे तर चार प्रश्न आहेत. क्युबातील बी हमिंगबर्ड, म्हणजे जगातील सर्वांत लहान पक्षी, खरोखरच मधमाशीएवढा असतो का आणि तो दिवसभर न थांबता उडत राहतो का, हा पहिला. एवढ्याशा देहात उष्ण रक्ताचा पक्षी तगून कसा राहतो, हा दुसरा. तो कमी का होत चालला आहे, हा तिसरा. आणि आपल्या पुण्यातील बागेत हॅमेलियाच्या लाल फुलांपाशी घिरट्या घालताना दिसलेला जीव तोच असू शकेल का, हा चौथा. चौथ्याचे उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देतो: नाही. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज अस्तित्वात आहेत आणि त्या सर्वच्या सर्व अमेरिका खंडांत आणि लगतच्या बेटांवर राहतात. भारतात रानात एकही जात नाही. आपण पाहिला तो बहुधा शिंजीर असावा. तो फुलासमोर क्षणभर पंख फडफडवत हवेत थांबू शकतो, पण त्याचा खरा कल फांदीला धरून बसण्याचा आणि वाकून मकरंद पिण्याचा असतो. आणि जर त्या जीवाच्या डोक्यावर दोन स्पर्शिका दिसल्या असतील, तर तो पक्षीही नव्हता. तो दिवसा उडणारा हॉक मॉथ, म्हणजे एक पतंग होता. ही गफलत इतकी सर्रास होते की तिचे वाईट वाटून घेण्याचे काहीही कारण नाही.

आता मूळ पक्ष्याकडे वळतो. बी हमिंगबर्ड, शास्त्रीय नाव मेलिसुगा हेलेनी, हा फक्त क्युबाच्या मुख्य बेटावर आणि त्याच्या दक्षिणेकडील इस्ला दे ला हुव्हेंतुद या बेटावर आढळतो. तिथले लोक त्याला ‘सुनसुनसितो’ म्हणतात. नराची लांबी सुमारे साडेपाच सेंटीमीटर भरते, आणि त्यात चोच व शेपटी दोन्ही आली; त्याचे वजन जेमतेम 1.95 ग्रॅम असते. मादी किंचित मोठी, सुमारे 6.1 सेंटीमीटर लांब आणि 2.6 ग्रॅम वजनाची असते. आपल्या खिशातले एक रुपयाचे नाणे या दोघांपेक्षाही जड आहे. महाराष्ट्रात सर्वांत लहान पक्ष्यांत गणला जाणारा फुलटोच्या आठ सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि वजनात या नराच्या दुपटीहून अधिक भरतो. तरीही मधमाशीची तुलना शब्दशः घेऊ नये. कामकरी मधमाशीचे वजन साधारण एक दशांश ग्रॅम असते, म्हणजे हा पक्षी तिच्या जवळजवळ वीसपट आहे. फसगत होते ती कानाची. झुडपामागून येणारी त्याची गुणगुण एखाद्या मोठ्या भुंग्याची वाटते आणि नजर चुकीच्या आकाराचा जीव शोधू लागते.

प्रजननाच्या काळात नराचे डोके आणि गळा चकाकत्या लाल रंगाचे असतात, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंची पिसे लांब होऊन मानेवर टोकदार झुपक्यांसारखी पसरतात. पाठ निळसर, पोट राखाडी-पांढरे. मादी वरून हिरवट-निळी आणि खालून फिकट राखाडी असते, आणि तिच्या शेपटीच्या कडेच्या पिसांची टोके पांढरी असतात. नराचा लाल रंग रंगद्रव्याचा नसतो. हमिंगबर्डच्या पिसांत मेलॅनिनच्या चपट्या, आतून हवेचे बुडबुडे असलेल्या सूक्ष्म चकत्या थरांवर थर रचलेल्या असतात, आणि त्या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून ठरावीक कोनातच रंग उमटवतात. क्युबातील सापाताच्या दलदलीजवळील पालपिते गावाच्या कडेला, एका निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर बसलेला नर मी दुर्बिणीतून पाहत होतो. तो आधी सरळ काळा दिसत होता. त्याने मान माझ्याकडे वळवली तेव्हा आधी एका बाजूचा झुपका, मग अख्खा गळा आणि शेवटी कपाळ असे भाग एकामागोमाग लाल झाले, आणि त्याने तोंड फिरवताच पुन्हा सारे काळे पडले. म्हणून या पक्ष्याची छायाचित्रे पाहून त्याला रानात शोधणारा माणूस हमखास चुकतो. छायाचित्रकाराने नेमका तोच क्षण निवडलेला असतो. विणीचा काळ संपला की नर ही लाल पिसे गाळतो आणि मग मादीसारखाच साधा दिसू लागतो.

आपण वाचलेल्या आकड्यांबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण या पक्ष्याच्या नावावर फिरणारे निम्मे आकडे दुसऱ्यांचे असतात. ‘मिनिटाला 1,260 ठोके’ हा हृदयाचा विक्रम बहुतेक ठिकाणी बी हमिंगबर्डच्या नावावर दिलेला असतो. प्रत्यक्षात तो 1964 मध्ये ब्लू-थ्रोटेड हमिंगबर्ड या त्याहून कितीतरी मोठ्या, सात-आठ ग्रॅमच्या जातीत मोजला गेला. पंखांची गती जागच्या जागी उडताना सेकंदाला सुमारे 80 फडफडी असते, हे मानायला हरकत नाही. प्रणयोड्डाणात ती 200 होते हे विधान मात्र एका लेखातून दुसऱ्यात उतरत आले आहे, आणि मी ते कुणाला सांगत नाही. दिवसाला दीड हजार फुलांचा हिशेबही मी त्याच रांगेत बसवतो. एका दिवशी किती फुले लागतील हे त्या फुलांत किती मकरंद आहे, हवा किती थंड आहे आणि कोण हाकलून लावते आहे यावर अवलंबून असते. एकच आकडा सांगणे म्हणजे गिरणी कामगार दिवसाला किती पावले चालतो हे एका वाक्यात ठरवण्यासारखे आहे. आणि ‘सतत उडतच असतो’ हे तर सपशेल चूक. हमिंगबर्ड दिवसातील बराच मोठा वेळ बसलेले असतात. ते बसतात म्हणूनच त्यांना उडणे परवडते.

आता ते परवडणे म्हणजे नेमके काय, हा आपला दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते या पक्ष्याच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कोणत्याही वस्तूची लांबी निम्मी केली की तिचे पृष्ठफळ एक चतुर्थांश उरते आणि घनफळ एक अष्टमांश. म्हणजे शरीर जितके लहान, तितकी उष्णता बाहेर घालवणारी त्वचा वजनाच्या मानाने अधिक, आणि उष्णता निर्माण करणारे मांस व साठवलेली चरबी मात्र कमी. हमिंगबर्डला जागेपणी आपले शरीर 40 अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. तेव्हा दोन ग्रॅमच्या देहात भट्टी सतत पेटती हवी, आणि लाकडे साठवायला जागा जवळजवळ नाही. सस्तन प्राण्यांतही हाच आकडा पुन्हा भेटतो: दक्षिण युरोपापासून भारतापर्यंत आढळणारी इट्रुस्कन चिचुंद्री सुमारे 1.8 ग्रॅमची असते, आणि थायलंड-म्यानमारच्या गुहांत राहणारे किट्टीचे वटवाघूळ सुमारे दोन ग्रॅमचे. एक पक्षी, एक चिचुंद्री, एक वटवाघूळ. तिघांचे पूर्वज वेगळे, तिघांचे अन्न वेगळे, आणि तिघेही दोन ग्रॅमच्या उंबरठ्यावर येऊन थांबलेले. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. 2020 साली म्यानमारमधील सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या राळेत, अडकलेल्या एका कवटीवरून बी हमिंगबर्डएवढा प्राचीन पक्षी सापडल्याचे ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर झाले होते, तेव्हा अनेकांचे कान टवकारले ते याच कारणाने. काही महिन्यांत तो लेख मागे घेण्यात आला. कवटी सरड्याच्या कुळातील प्राण्याची निघाली, आणि सरड्याला अंग गरम ठेवण्याची ही कटकटच नसते.

भट्टीचे इंधन म्हणजे साखर. फुलासमोर हवेत स्थिर राहणे हा पक्ष्यांच्या जगातील सर्वांत खर्चिक उद्योगांपैकी एक आहे. बहुतेक पक्ष्यांना पंख खाली मारतानाच उचल मिळते. हमिंगबर्डचा पंख खांद्याच्या सांध्यातून असा फिरतो की तो वर येतानाही थोडी उचल देतो. 2005 मध्ये रुफस हमिंगबर्डवर केलेल्या मोजणीत खालच्या फटक्यातून सुमारे 75 टक्के आणि वरच्या फटक्यातून सुमारे 25 टक्के भार तोलला जातो असे दिसले. पंख हलवणारे स्नायू हमिंगबर्डच्या एकूण वजनाच्या पाव भागाहून अधिक भरतात. आणखी एक गोष्ट अशी की हे पक्षी नुकतीच प्यालेली साखर जवळजवळ थेट उडण्याच्या स्नायूंत जाळू शकतात. तिची आधी चरबी करून मग ती खर्च करण्याचा वळसा त्यांना दिवसा घ्यावा लागत नाही. माणूस हे या प्रमाणात करू शकत नाही.

ही साखर पोटात जाते कशी, याबद्दल दीडशेहून अधिक वर्षे एक चुकीची समजूत टिकून होती. जीभ केशनलीसारखी असून मकरंद तिच्यात आपोआप वर चढतो, असे पाठ्यपुस्तकांत असे. 2011 मध्ये आलेहांद्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी दाखवले की जिभेची दोन टोके द्रवात शिरताच उलगडतात, त्यांच्या कडांवरील झालरी पसरतात आणि बाहेर येताना मकरंदासकट मिटतात. 2015 मध्ये त्यांनी पुढे हेही मांडले की चपटी दाबलेली जीभ द्रवात पुन्हा फुगते तेव्हा ती मकरंद खेचून घेणाऱ्या लवचीक पंपासारखी काम करते. गोडीची चव ओळखण्याची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. पक्ष्यांच्या पूर्वजांकडून गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचा (जिभेवरील रिसेप्टरचा) एक घटक नाहीसा झालेला आहे, म्हणून कोंबडीला साखरेचे कौतुक नाही. हमिंगबर्डमध्ये मात्र मांसाची, म्हणजे उमामी चव ओळखणारा ग्राहक बदलत जाऊन साखर ओळखू लागला. 2014 मध्ये ‘सायन्स’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

पण साखरेवर पिल्ले वाढत नाहीत. मकरंदात प्रथिने नगण्य असतात, त्यामुळे बी हमिंगबर्ड लहान माश्या, चिलटे आणि कोळी नियमाने टिपतो. पालपितेच्या त्याच कुंपणावर एक मादी एकाही फुलाला न शिवता पानांच्या खालच्या बाजूवरून काहीतरी अगदी बारीक टिपत होती. ती एकेका पानाखाली जाऊन थबके, मान वर करून चोच लावी आणि पुढच्या पानाकडे सरके. जवळ कुठेतरी घरटे असणार, असा माझा अंदाज होता.

रात्र हा या हिशेबातील सर्वांत कठीण भाग. सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत एकही थेंब मकरंद मिळत नाही, आणि दिवसभरात जमवलेली चरबी एका रात्रीपुरतीच असते. ती पुरणार नसेल तेव्हा हमिंगबर्ड टॉर्परमध्ये, म्हणजे एका रात्रीपुरत्या शीतनिद्रेत जातात: श्वास आणि हृदयाची गती मंदावते, शरीराचे तापमान घसरू दिले जाते, आणि पहाटे थरथर करत स्नायूंच्या उष्णतेने ते पुन्हा वर आणले जाते. पेरूच्या अँडीज पर्वतातील ब्लॅक मेटलटेल या जातीत हे तापमान 3.3 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद 2020 मध्ये झाली. क्युबातील सखल प्रदेशाच्या रात्री उबदार असतात, त्यामुळे तिथे इतक्या खोल घसरणीचा प्रश्नच उद्भवत नाही. पण उष्ण कटिबंधातही दोन-तीन दिवसांच्या पावसाने फुले धुऊन निघाली, तर दोन ग्रॅमच्या पक्ष्यासाठी ती आणीबाणीच असते.

इथे त्याच्या फुलांकडे पाहावे लागते. क्युबात दुसरा एक रहिवासी हमिंगबर्ड सर्वत्र आहे, क्युबन एमराल्ड, स्थानिक नाव ‘सुनसुन’. तो सुमारे दहा सेंटीमीटरचा, दांडगट आणि सर्वव्यापी आहे. बागेत, शहरात, कॉफीच्या मळ्यात, कुठेही. जिथे भरपूर फुलांचे एखादे झाड तो ताब्यात घेतो, तिथून बी हमिंगबर्डला तो हाकलून लावतो. दोन ग्रॅमच्या पक्ष्याला त्याच्याशी झुंजणे शक्य नसते, पण त्याला एक सोय असते: मोठ्या पक्ष्याला ज्या विखुरलेल्या, थोडक्या मकरंदाच्या फुलांवर वेळ घालवणे परवडत नाही, तिथे याचे भागते. त्याची चोच आखूड आणि सरळ आहे. हॅमेलियाच्या नळीसारख्या लाल-नारिंगी फुलांवर तो येतोच, शिवाय कोको प्लम, पिवळी टर्नेरा, दलदलीतील पाव्होनिया, टूर्नेफोर्शिया अशा कितीतरी वनस्पतींवर त्याची नोंद आहे. यांतील बऱ्याच फुलांना ‘पक्ष्यांची फुले’ असे कुणी म्हणणार नाही. ती कीटकांसाठीची आहेत. हॅमेलिया ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती आपल्याकडे बागांत, सोसायट्यांच्या कुंपणांवर सर्रास लावली जाते, आणि शिंजीर तिच्यावर अगदी त्याच कामासाठी येतात. एकच फूल, दोन गोलार्ध, आणि एकमेकांशी काडीचे नाते नसलेले दोन पक्षी. हमिंगबर्डचे जवळचे भाऊबंद म्हणजे आपल्या पाकोळ्या. शिंजीर मात्र चिमणी-मैनेच्या गणातला. सारखेपणा मकरंदाने घडवला आहे.

विणीचा हंगाम साधारण मार्च ते जून. कोरडा ऋतू सरत असतो, अनेक झाडे बहरात येतात आणि मे महिन्यापासून पाऊस सुरू होतो. नर काही ठिकाणी लहान गटांनी, एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात, उघड्या फांद्यांच्या टोकांवर बसून गातात. गाणे म्हणजे उंच पट्टीतील बारीक किणकिण. चाळिशी उलटलेल्या पुष्कळ निरीक्षकांना ते ऐकूच येत नाही. मधूनच नर सरळ वर चढतो आणि मादीच्या दिशेने झेप घेत खाली येतो. या कुळशाखेतील अनेक जातींत अशा झेपेच्या वेळी शेपटीची पिसे हवेत कंप पावून आवाज करतात. मीलनानंतर नराचा संसाराशी संबंध संपतो. घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिल्लांना भरवणे हे सारे मादी एकटी करते, आणि हे हमिंगबर्डच्या जवळजवळ सर्व जातींना लागू आहे.

घरटे दोन-तीन सेंटीमीटर व्यासाची एक वाटी असते. वनस्पतींचा कापूस, सालीचे तंतू, आणि त्यांना बांधून ठेवणारे कोळ्याचे जाळे. बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेले. कोळ्याच्या धाग्यांमुळे वाटी ताणली जाते, आणि पिल्ले वाढत जातात तशी तीही सैल होते. मादी कडेला बसून हनुवटी आणि छाती आतल्या भिंतीवर घासत वाटीला गोलाई देते. अंडी दोनच, पांढरी, एक सेंटीमीटरपेक्षा लहान. सर्वांत लहान पक्षीअंड्याचा विक्रम मात्र सहसा जमैका आणि हिस्पॅनिओलातील व्हर्वेन हमिंगबर्डच्या नावावर सांगितला जातो. तो याच मेलिसुगा प्रजातीतील दुसरा आणि एकमेव भाऊ, आकाराने याच्या खालोखाल. एवढ्या लहान मादीला अंडी उबवायला बसून राहायचे आणि त्याच वेळी स्वतःसाठी मकरंद आणायचा, अशी दुहेरी कसरत करावी लागते. तिच्या घरट्यापासून फुले दूर गेली तर ते घरटे जगत नाही. जिथे फुले उरली नाहीत, तिथून नर उडून जाऊ शकतो. मादीला अंडी सोडून जाता येत नाही.

याची पहिली शास्त्रीय ओळख क्युबाच्याच मातीत झाली. योहानेस गुंडलाख हा मार्बुर्गचा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ 1839 मध्ये क्युबात आला आणि तिथलाच होऊन गेला. 1896 मध्ये तो हवानातच मरण पावला. 1844 मध्ये मातान्सास प्रांतातील कार्देनास परिसरात त्याला हा पक्षी मिळाला. हुआन लेंबेये याने 1850 मध्ये त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले. नावातील हेलेना म्हणजे गुंडलाखचा स्नेही चार्ल्स बूथ याची पत्नी. पुढे बरीच वर्षे हा पक्षी उत्तर अमेरिकेतील अ‍ॅना’ज हमिंगबर्डच्या कॅलिप्टे या प्रजातीत घातला जाई. नंतर त्याची जागा बदलली. आता जनुकीय अभ्यासानुसार तो हमिंगबर्डच्या ‘बी’ या शाखेत मोडतो, आणि त्याच शाखेतील रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड दरवर्षी मेक्सिकोचे आखात ओलांडून जातो. म्हणजे समुद्र पार करू शकणाऱ्या पक्ष्यांच्या घराण्यातील हा एक बेटावर स्थिरावलेला वंश.

आता घट कशामुळे होते. हा पक्षी एके काळी क्युबाच्या बहुतांश भागात पसरलेला होता. आज तो विखुरलेल्या जागीच उरला आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेच्या यादीत त्याची नोंद ‘धोक्याच्या जवळ पोहोचलेला’ अशी आहे. जंगल साफ करून ऊस, कॉफी, कोको, तंबाखू आणि गुरांची कुरणे उभी राहिली, हे सरळ कारण. परंतु केवळ ‘जंगल कमी झाले’ एवढ्याने चित्र पुरे होत नाही. ज्याच्याकडे एका रात्रीपुरतीच शिल्लक असते, त्याला जंगलाच्या क्षेत्रफळाइतकेच त्याचे पंचांग महत्त्वाचे असते: कोणत्या महिन्यात काय फुलते आणि एक बहर ओसरला की दुसरा कुठे सुरू होतो. जुन्या, मिश्र, वेलींनी भरलेल्या जंगलात ही साखळी वर्षभर तुटत नाही. उसाच्या मळ्यात ती मुळातच नसते. तुकडा-तुकडा करून उरलेल्या रानात ती अधेमधे तुटते, आणि दोन-तीन आठवड्यांचा खंड मोठ्या पक्ष्याला सोसवतो, या पक्ष्याला सोसवेल असे मला वाटत नाही.

त्यात एक मजेशीर दुर्दैव आहे. 2002 नंतर क्युबातील अनेक साखर कारखाने बंद झाले आणि पुष्कळ जमीन पडीक राहिली. आपल्याला वाटेल, तिथे रान परत येईल. आले ते ‘माराबू’ हे काटेरी झुडूप, शास्त्रीय नाव डायक्रोस्टॅकिस सिनेरिया, आणि त्याने प्रचंड क्षेत्र गिळले. आपल्या सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर हीच वनस्पती सिगमकाठी म्हणून गुण्यागोविंदाने राहते. क्युबात मात्र ती बाहेरून आलेली असून एकसुरी झाडोरा करते, ज्यात या पक्ष्याला हवी असलेली फुलांची विविधता नसते. तिच्यापासून कोळसा करून तो निर्यातही केला जातो, आणि हा उद्योग मला त्या मानाने बरा वाटतो.

चक्रीवादळे हा दुसरा मुद्दा, आणि त्याकडे बहुतेक लेख दुर्लक्ष करतात. 1988 मध्ये गिल्बर्ट वादळाने जमैकाला झोडपले तेव्हा डोंगराळ भागात मकरंद आणि फळे खाणाऱ्या पक्ष्यांची संख्या कीटकभक्षकांपेक्षा अधिक घटल्याचे अभ्यासकांना आढळले. कारण उघड आहे: वारा फुले ओरबाडून नेतो, कीटक लवकर परततात. नोव्हेंबर 2001 मध्ये मिशेल हे वादळ थेट सापाताच्या किनाऱ्यावर आदळले होते, ज्या भागात हा पक्षी आजही टिकून आहे. जिथे सलग जंगल आहे तिथे पक्षी शेजारच्या वाचलेल्या पट्ट्यात सरकू शकतो. बेटासारख्या उरलेल्या एका तुकड्यातून तो जाणार कुठे?

टिकून राहिलेल्या जागा म्हणून प्रामुख्याने तीन नावे येतात. सापाताची दलदल, पश्चिम टोकावरचे ग्वानाकाबिबेस द्वीपकल्प, आणि पूर्वेकडील आलेहांद्रो दे हुम्बोल्त राष्ट्रीय उद्यान. ग्वानाकाबिबेसला 1987 मध्ये आणि सापाताला 2000 मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला; हुम्बोल्त उद्यान 2001 पासून जागतिक वारसा यादीत आहे. क्युबाने या क्षेत्रांना दिलेले संरक्षण कागदापुरते नाही, आणि याचे श्रेय दिले पाहिजे.

आपल्याला तो पाहायचा असेल तर मार्च ते मे हा काळ निवडावा, कारण तेव्हा नर रंगात असतात आणि पाऊस अजून जोर धरलेला नसतो. हवानाहून सापाताला रस्त्याने जाता येते, आणि पालपिते व प्लाया लार्गा या गावांत मुक्काम करणे सोयीचे पडते; तेथील स्थानिक मार्गदर्शकांना कोणत्या कुंपणावर, कोणत्या फांदीवर नर बसतो हे ठाऊक असते, आणि त्यांच्या मदतीशिवाय मी कुणालाही जाण्याचा सल्ला देत नाही. सकाळी लवकर जा. नजर फुलांवर न ठेवता पानगळ झालेल्या झाडांच्या वरच्या टोकांवर ठेवा, कारण नर बसतो तिथे. शेपटी पाहा: एमराल्डची शेपटी लांब आणि दुभंगलेली असते, याची आखूड आणि गोलसर. घरटे सापडले तर त्यापासून बरेच अंतर राखा, फ्लॅश वापरू नका, आणि छायाचित्रासाठी पाने बाजूला करू नका. पाने आच्छादन म्हणूनच तिथे असतात.

आणखी एक उपप्रश्न आपण ओझरता विचारला आहे, की अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या भावाच्या अंगणात साखरेचे पाणी टांगले तर कोणते हमिंगबर्ड येतील. बी हमिंगबर्ड येणार नाही. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रुबी-थ्रोटेड येईल, कॅलिफोर्नियात अ‍ॅना’ज वर्षभर येईल. साधी पांढरी साखर एक भाग, पाणी चार भाग. मध घालू नये, गूळ घालू नये, लाल रंग तर मुळीच नको. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदलून भांडे घासावे, कारण आंबलेले आणि बुरशी धरलेले पाणी पक्ष्यांना बाधते. पुण्यात मात्र शिंजीरांसाठी अशी भांडी टांगण्यापेक्षा आपली हॅमेलिया तशीच राहू द्यावी आणि तिच्यावर कीटकनाशक फवारू नये. शिंजीरही पिल्लांना कीटक आणि कोळीच भरवतात.